साडेतीन मीटर जाडीची भिंत

१ मार्च २०१६, मंगळवार

आज पुन्हा तेच. हार्बरफ्रंटला क्लायंटच्या ऑफिसात सतरा स्लाइड दाखवल्या गेल्या, त्यातल्या चौदा माझ्या. खाली नाव माझे बॉस पद्माकर सरांचं. मी लॅपटॉपची वायर धरून बसले होते, कारण ती सैल आहे आणि हात काढला की पडदा काळा होतो. आठ वर्षं आर्किटेक्ट म्हणून राबतेय, त्यातली पाच सिंगापुरात, आणि माझं नाव आजवर फक्त माझ्या एम्प्लॉयमेंट पासवर, इथल्या कामाच्या परवान्यावर, छापलं गेलंय.

म्हणून ही वही. मनातल्या मनात जळण्यापेक्षा इथे चिडलेलं बरं.

काम मात्र जन्मात एकदा मिळावं असं आहे. पोर्तुगालच्या उत्तरेला एका ओढ्याकाठी सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाचा मठ होता. बाराव्या शतकात बांधलेला. १८३४ साली तिथल्या सरकारने सगळे मठ बंद केले, साधू निघून गेले. मग तिथे ऑलिव्हच्या तेलाचा घाणा आला, मग लष्कराचे घोडे, मग कोणीच नाही. आता आमच्या क्लायंटने तो विकत घेतलाय आणि त्याचं हॉटेल करायचंय. गावाचं नाव कोणालाच धड उच्चारता येत नाही, म्हणून सगळे नुसतं 'मठ' म्हणतात. आमच्यापैकी कोणी तो पाहिलेला नाही. तिकडच्या सर्व्हेवाल्या इनेसने पाठवलेली लेझरची मापं आणि दोन हजार फोटो, एवढाच आमचा मठ.

इतिहासाचा अहवाल माझ्याकडे आलाय. त्यावर माझं नाव लागलं पाहिजे. बाकी मला काही नको.

बाबा येऊन पाच दिवस झाले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच आलेत. बाराव्या मजल्यावरून लोक बांबूवर कपडे वाळत घालतात हे बघून त्यांचा जीव खालीवर होतो.

३ मार्च, गुरुवार

क्लायंटने खोल्यांना नावं सुचवली आहेत. 'मौन स्वीट', 'महामौन स्वीट'. महामौनला बाथटब आहे. माणसांनी आठशे वर्षांपूर्वी अंगाला टोचणारी लोकर घालून, एक वेळ जेवून मौन पाळलं, ते यांना आता खोलीच्या दर्जाप्रमाणे विकायचंय. मी मीटिंगमध्ये म्हटलं, "बोलायचं असेल तर स्वस्त खोली घ्यायची का?" टीममधला तन्मय हसला. पद्माकर सर हसले नाहीत.

६ मार्च, रविवार

बाबांना टीव्हीचा कंटाळा आला म्हणून मठाचा मोठा नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरला. बाबा एकतीस वर्षं आमच्या औरंगाबादकडच्या लेण्यांवर अटेंडंट होते. सकाळी कुलूप काढायचं, लोकांना चपला काढायला लावायच्या, चकचकीत पत्र्यावरून उन्हाचा कवडसा आत वळवून कोरीव काम दाखवायचं, संध्याकाळी कुलूप लावायचं. शिक्षण दहावी नापास. सुट्टीत मला तिकडेच नेऊन बसवायचे, त्यामुळे विहार कसा असतो हे मला बाराखडीच्या आधी कळलं. मधे चौक, भोवती खोल्या, बाहेर पाण्याची पोढी, म्हणजे खडकात कोरलेलं टाकं.

चष्मा लावून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठून आत येतं?"

ओढ्याचा पाट वरच्या अंगाने वळवून आधी स्वयंपाकघरात आणलाय, मग भोजनशालेसमोरच्या हात धुवायच्या हौदात, आणि शेवटी तो शौचकुपांखालून बाहेर पडतो. बाबा खूश झाले. "शहाणी माणसं होती. चौक, ओवऱ्या, नक्षी नाही, मूर्ती नाही. हे तर आपल्या जुन्या थेरवादी लेण्यांसारखंच झालं." मी सांगितलं की या पंथाने रंगीत काचा आणि दगडी मनोरेसुद्धा नको म्हटले होते. त्यांनी मान डोलावली, जसं काही त्यांना विचारूनच ठरलं होतं.

मग म्हणाले, "स्वयंपाकघर एक आणि वाढायच्या खिडक्या दोन, दोन बाजूंना. का गं?"

मला माहीत नव्हतं.

त्यांचं बोट चौकाच्या पश्चिमेच्या भिंतीवर थांबलं. "ही केवढी जाड?"

"साडेतीन मीटर."

बाबा हसले. "बेटा, एवढी जाड भिंत डोंगर कोरला तरच राहते. तिथे दगड आधीच असतो. काढायचा कंटाळा केला की भिंत जाड. पण जो एकेक दगड खांद्यावरून आणून रचतो, तो एवढी जाड भिंत कशाला बांधेल? ही आतून पोकळ आहे."

मी म्हटलं की १९३०च्या नकाशात ती भरीव दाखवलीय. सगळ्यांनी तोच नकाशा पुढे गिरवलाय.

"नकाशा काढणारा आत गेला होता का?"

फोटो दाखवले तेव्हा त्यांना आणखी एक दिसलं. भिंतीच्या चर्चकडच्या टोकाला, गिलाव्याखालून एका पायरीची कड बाहेर आलीय आणि ती मधोमध झिजलेली आहे. "पायरी भिंतीत चढत नसते," म्हणाले. "इथे दार होतं, आणि पुष्कळ पाय गेलेत त्यातून."

१० मार्च, गुरुवार

चार दिवस वाचतेय आणि डोकं तापलंय.

मठात दोन जातींची माणसं होती. हो, मी हाच शब्द लिहिणार, माझी वही आहे. पूर्वेला साधू, पश्चिमेला कामकरी बंधू. साधू लॅटिन वाचणारे. बंधू नांगरणारे, मेंढ्या राखणारे, दगड वाहणारे, चामडं कमावणारे. त्यांना वाचायला शिकवायचं नाही असा लेखी नियम होता. हातात पुस्तक द्यायचं नाही, तीन-चार प्रार्थना तोंडपाठ करून घ्यायच्या, बस्स. झोपायचं दालन वेगळं, भोजनशाला वेगळी, म्हणून स्वयंपाकघराला दोन खिडक्या. चर्चमध्ये ते मागे आणि मधे आडवी भिंत. आणि चर्चला जाताना साधूंच्या ओवरीत पाऊल टाकायचं नाही, म्हणून या पंथाच्या कितीतरी मठांत त्यांच्यासाठी दोन भिंतींच्या मधून वेगळा बोळ असे.

ज्यांनी मठ बांधला त्यांनीच आपल्यासाठी हा बोळ बांधला. एकाचंही नाव कुठे नाही. मठाधिपतींची यादी आहे, एकेचाळीस जणांची, तारखांसकट.

इनेसला मेल केली की भिंतीला नंतरच्या काळातला गिलावा आहे तिथे भोक पाडून कॅमेरा घाल. ती म्हणाली, परवानगी काढायला हवी. मी म्हटलं, काढ. उद्या जर भरीव निघाली तर पद्माकर सर मला कच्ची खातील, कारण क्लायंटला हीच भिंत फोडून तीन कमानींची लॉबी करायचीय.

बाबा म्हणाले, "दिव्याचे कोनाडे असतील बघ आत. अंधाऱ्या बोळाला लागतातच."

१७ मार्च, गुरुवार

पोकळ आहे.

इनेसने फोटो पाठवले. सव्वा मीटर रुंदीचा बोळ, दोन्हीकडे भिंत, वर दगडी छत, खाली मधोमध झिजलेली फरसबंदी. दर दहा पावलांवर कोनाडा आणि त्याच्या वर काजळी. तेलाच्या घाण्यावाल्यांनी दोन्ही टोकं बुजवली होती. तेव्हापासून आत कोणी गेलेलं नाही.

मी ऑफिसात उभी राहून रडले. तन्मयने पाणी आणून दिलं आणि विचारलं, "तुला सुचलं कसं?" मी त्याला सगळं समजावून दिलं, कोरलेली भिंत आणि रचलेली भिंत यातला फरक. तो म्हणाला, "जीनियस आहेस तू." खरं सांगायचं तर फार बरं वाटलं. असं मला कोणी कधी म्हटलेलं नाही.

संध्याकाळी बाबांना फोटो दाखवले. त्यांनी ते मोठे करून काजळी नीट पाहिली. "तिळाचं तेल नसणार इथे," एवढंच म्हणाले.

२१ मार्च, सोमवार

अहवाल दिला. चौसष्ट पानं. मुखपृष्ठावर 'संशोधन आणि लेखन: जान्हवी हिवराळे'. हे मीच टाइप केलं आणि पाच मिनिटं त्याच्याकडे बघत बसले. आत सगळीकडे 'मी पाहिलं', 'माझ्या लक्षात आलं' असं लिहिलंय. एका ठिकाणी लिहिताना क्षणभर अडखळले होते. पण ऑफिसच्या कागदात 'माझ्या वडिलांनी सांगितलं' असं कसं लिहिणार? ते काही घरचं पत्र नाही. शिवाय वाचन माझं, मेल माझी, भिंत भरीव निघाली असती तर मानही माझीच जाणार होती.

बाबा हल्ली सकाळी हॉकर सेंटरला, खालच्या खाण्याच्या टपऱ्यांवर, एकटे जाऊन तेह, म्हणजे इथला दुधाचा चहा, पिऊन येतात. तिथल्या चहावाल्या अंकलशी त्यांची दोस्ती झालीय. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, तरी पाऊण तास गप्पा चालतात.

२३ मार्च, बुधवार

पद्माकर सरांनी अहवालातून कामकरी बंधूंची अकरा पानं काढली. अकराच्या अकरा. बोळाला नाव दिलं 'सर्व्हिस कॉरिडॉर'.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेले. ते शांतपणे म्हणाले, "अगं जान्हवी, पाहुणे सुट्टीला येणार. त्यांना भेदभावाचा इतिहास कशाला वाचायला लावायचा? आणि आपल्याकडचं सगळं तिकडे नेऊन कशाला बघायचं?"

"आपल्याकडचं म्हणजे कुणाकडचं, सर?"

त्यांनी टेबलावरचे कागद सरळ केले. मग म्हणाले, "क्लायंटला लॉबी हवीय."

म्हणजे मुद्दा लॉबीचा आहे, आणि वरून शहाणपण मला शिकवायचं. सर पुण्याचे, आणि पुण्याची माणसं साखर पेरून बोलतात असं बाबा म्हणतात. मला ती साखरही दिसली नाही. मी मुखपृष्ठासकट मूळ अहवाल इनेसला पाठवून दिला आणि तिला म्हटलं की तुमच्या वारसा खात्याला हे बघायचं असेल तर बघू दे. नियमात बसतं की नाही माहीत नाही. बसत नसेल तर नसू दे.

२७ मार्च, रविवार

लाँग वीकेंड म्हणून पद्माकर सरांनी सगळ्यांना पुलाउ उबीन बेटावर नेलं. भांडणाच्या चौथ्या दिवशी सहल. यांचं हे असं. स्मिताताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सगळ्यांसाठी दडपे पोहे आणि बाबांसाठी वेगळी कमी तिखटाची डबी आणली होती. माणूस म्हणून दोघं वाईट नाहीत, हेच तर अवघड होऊन बसतं.

आम्ही सायकली घेतल्या. बाबा आणि पद्माकर सर दगडाच्या जुन्या खाणीजवळ बाकावर बसले. तासाभराने परतलो तरी तिथेच. बाबा हातवारे करून काहीतरी सांगत होते आणि सर पुढे वाकून ऐकत होते. बाबांना एवढं बोलताना मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं. परतीच्या बोटीत विचारलं, काय एवढं बोलत होता? "दगडाबद्दल," म्हणाले. "साहेब चांगले आहेत. विचारतात."

मला राग आला. माझ्या अकरा पानांचा खून करणाऱ्याला बाबा चांगला म्हणतात.

५ एप्रिल, मंगळवार

तिकडच्या वारसा खात्याचं पत्र आलं. भिंत फोडायची नाही. बोळ जसा आहे तसा जपायचा, त्याला 'कामकरी बंधूंचा बोळ' हेच नाव द्यायचं आणि तिथे इतिहासाचा फलक लावायचा. पत्रात लिहिलंय की इतकी वर्षं जे कोणाच्या ध्यानात आलं नाही ते सिंगापूरच्या टेबलावर बसून ओळखलं, ही असामान्य गोष्ट आहे.

क्लायंट आठ दिवस रुसेल असं वाटलं होतं. एका दिवसात फिरला. आता त्यांना लॉबी नको, बोळ हवाय. कंदील घेऊन पाहुण्यांना फिरवणार म्हणे.

आणि नव्या अहवालाच्या मुखपृष्ठावर काय छापलंय? 'संशोधन प्रमुख' म्हणून पद्माकर सरांचं नाव. माझं नाव आत, आभारात, प्रिंटिंगवाल्याच्या वर.

मी हे असं सोडणार नाही.

६ एप्रिल, बुधवार

गेले केबिनमध्ये. उभ्यानेच बोलले. म्हटलं, सर, ज्याचं काम त्याचं नाव. एवढं साधं आहे. त्या बंधूंनी मठ बांधला आणि नावं मठाधिपतींची राहिली, तेच तुम्ही इथे करताय. अकरा पानं तुम्हीच कापली होती ना?

सरांचा चेहरा पडला. मग त्यांनी खुर्ची मागे घेतली आणि म्हणाले, "कापली. माझी चूक झाली. पण मला एक सांग. उबीनला काकांनी मला भिंतीचं सगळं सांगितलं. पाणी, खिडक्या, पायरी, कोनाडे. तू सांगतेस त्यापेक्षा जास्त नीट. तुझ्या चौसष्ट पानांत त्यांचं नाव कितव्या पानावर आहे?"

म्हणजे बघा. स्वतः चोरी करायची आणि पकडलं की समोरच्याच्या घरात शिरायचं. याला म्हणतात चोराच्या उलट्या बोंबा. बाबा माझे वडील आहेत, कन्सल्टंट नाहीत. घरात दोघांनी बसून नकाशा पाहिला, त्यात कसलं श्रेय आणि कसलं काय. बाबांना नावाचं कधी काही पडलेलं नाही. त्यांना विचारलंत तर तेही हेच सांगतील.

मी विचारलं मात्र नाही. विचारायची गरजच नाही.

१४ एप्रिल, गुरुवार

भीमजयंती. कम्युनिटी क्लबची खोली घेतली होती, चाळीसेक माणसं, मुलंबाळं धरून. सगळे आपलेच, इंजिनिअर, संशोधक, दोन डॉक्टर. प्रबोधने, जो दरवर्षी हे सगळं जमवतो, मला वीस मिनिटं मठावर बोलायला सांगितलं.

मी बोलले. असं बोलले की मलाच माहीत नव्हतं मी असं बोलू शकते. ज्यांना वाचू दिलं नाही त्यांची नावं कोणी लिहिली नाहीत, आणि आठशे वर्षांनी त्यांचा बोळ उघडला तो आपल्यापैकी एकीने, हा योगायोग नाही, असं म्हटलं तेव्हा लोक उभे राहिले. नंतर मी पद्माकर सरांचं नाव न घेता सांगितलं की आजही आपल्या कामावर दुसऱ्याची सही होते. टाळ्या थांबेनात.

बाबा दुसऱ्या रांगेत होते. नवा पांढरा शर्ट. तेही टाळ्या वाजवत होते, सगळ्यांच्या थोडं नंतरपर्यंत. मी मंचावरून खाली उतरले तेव्हा कोणीतरी बाबांना म्हणालं, काका, तुम्ही लेण्यांवर होता ना, मुलीला तुमच्याकडूनच आलं असेल. बाबा म्हणाले, "नाही नाही. ती शिकलेली आहे."

कार्यक्रमानंतर खीर होती. त्यांनी घेतली नाही. गोड कमी केलंय म्हणाले.

२० एप्रिल, बुधवार

जिंकले.

थेट मिस लिमकडे गेले, त्या आमच्या डायरेक्टर. मेल, तारखा, मूळ मुखपृष्ठ, सगळं समोर ठेवलं. त्यांनी पद्माकर सरांना बोलावलं. मला वाटलं ते बाबांचा विषय काढतील. काढला नाही. एवढंच म्हणाले, "काम तिचं आहे." निर्णय असा की अहवालावर आणि मठातल्या फलकावर, दोन्हीकडे माझं नाव. पितळी फलक, बोळाच्या तोंडाशी, कायमचा.

जाताना सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

२४ एप्रिल, रविवार

फलकाचा नमुना कागदावर छापून घरी आणला होता. आज जेवणानंतर बाबांपुढे ठेवला.

बाबांना इंग्रजी वाचता येतं, पण बोट ठेवून, एकेक शब्द. मी म्हटलं, मी वाचून दाखवते. नको म्हणाले. वीस मिनिटं लागली. बंधूंना वाचू देत नसत तिथे थांबले, परत वरून वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट आलं. 'संशोधन: जान्हवी हिवराळे'. त्यावर त्यांनी बोट दोनदा फिरवलं.

"छान झालंय," म्हणाले. मग कागदाची घडी न करता तो सरळ ठेवला आणि म्हणाले, "आमच्याकडे एक प्रोफेसर यायचे. तुझा जन्म व्हायचा होता तेव्हा. मी त्यांना एक दाखवलं होतं. एका खोलीतली दगडी बाकं पुरी कोरलेली नव्हती, छिन्नीचे घाव उलट्या दिशेने होते. म्हटलं, कोरणारा डावखुरा होता, आणि तो मधेच गेला, कारण पुढची बाकं उजव्या हाताची आहेत. त्यांनी वहीत उतरवलं. दोन वर्षांनी पुस्तक घेऊन मुद्दाम भेटायला आले. ते पान उघडून दाखवलं. फार भला माणूस. पेढे आणले होते."

"तुमचं नाव होतं त्यात?"

"नाही. अटेंडंटचं नाव कुठे असतं पुस्तकात?" मग माझ्याकडे पाहून हसले. "त्यांनाही असाच आनंद झाला होता. मी पण छान झालंय म्हटलं."

त्यांनी टोमणा मारलेला नाही. बाबांना टोमणे येत नाहीत. तेच तर. ते नुसतं सांगत होते, एकदा असं झालं होतं आणि आता पुन्हा झालंय, दोन्ही वेळा माणसं चांगली होती.

मी भांडी घासायला गेले. घासलेलीच भांडी परत घासली. गेले दोन महिने मी या वहीत सगळ्या जगाला चोर म्हणतेय. मला माझीच शरम वाटते, आणि तेवढाच रागही येतोय, की त्यांनी पहिल्याच दिवशी मला का सुनावलं नाही.

२५ एप्रिल, सोमवार

सकाळी बाबांना सांगितलं की मी मिस लिमना खरं काय ते लिहिणार. त्यांनी तेहचा कप खाली ठेवला. "वेडी आहेस का? म्हणतील खोटं बोलली. पास काढून घेतील. राहू दे." मी म्हटलं, मला झोप लागत नाहीये. तर म्हणाले, "मी गप्प बसलो कारण नोकरी होती. तू पण बस. नोकरी आहे."

त्यांनी इतकं साधं सांगितलं की मला ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही.

ऑफिसात जाऊन मेल लिहिली. भिंत पोकळ आहे हे माझ्या वडिलांनी ओळखलं, श्री. धम्मानंद हिवराळे, निवृत्त अटेंडंट. पायरी, खिडक्या आणि कोनाडेही त्यांनीच. मी वाचन केलं, भोक पाडायला लावलं आणि अहवाल लिहिला. फलकावर त्यांचं नाव आधी हवं. पाठवण्याआधी पद्माकर सरांना दाखवली. त्यांनी वाचून एक स्पेलिंग दुरुस्त केलं आणि म्हणाले, "मलाही कॉपी कर."

२९ एप्रिल, शुक्रवार

मिस लिमचं उत्तर आलं. अतिशय सभ्य. प्रामाणिकपणाबद्दल आभार. परंतु श्रेयाबद्दल एकापेक्षा जास्त दावे पुढे आल्याने, आणि श्री. हिवराळे यांच्याकडे मान्य पात्रता नसल्याने, फलकावर कोणाचंच नाव जाणार नाही. फक्त कंपनीचं जाईल. अहवालावरही तसंच. माझी नोकरी आहे तशी राहील, पण यापुढे इतिहासाचं काम तन्मय बघेल.

कंपनीचं नाव. कंपनीने भिंत ओळखली म्हणे. कंपनी त्या दिवशी माझ्या टेबलावर चष्मा लावून बसली होती. हे लिहिताना पेन कागदात रुततंय.

पद्माकर सर येऊन माझ्या खुर्चीशेजारी उभे राहिले. "मी बोललो त्यांच्याशी," म्हणाले. "ऐकत नाहीत." पहिल्यांदा मला त्यांच्यावर चिडता आलं नाही.

३० एप्रिल, शनिवार

बाबांना सांगायचं टाळत होते. आज दुपारी त्यांनीच विचारलं, फलक गेला का छापायला? मग सांगितलं. तुमचं नाव लागणार नाही, पात्रता नाही म्हणतात. त्यांनी मान हलवली. त्यांना ते अपेक्षितच होतं. अंगावरून वारा जावा तसं त्यांनी ते जाऊ दिलं.

मग मी म्हटलं, "माझंही काढलं."

"तुझं?"

"हो."

"तुझं का काढलं?"

मी मेलमधलं वाक्य मराठीत करून सांगितलं. त्यांनी ते पुन्हा सांगायला लावलं. मग ते उठले, खिडकीपाशी गेले, परत आले. एकतीस वर्षं ज्या माणसाने कोणापुढे आवाज चढवला नाही, त्याच्या कपाळाची शीर मी आज तट्ट फुगलेली पाहिली. "तू शिकलीस," म्हणाले. "आईने आणि मी तुला शिकवलं. माझ्याकडे पात्रता नाही, ठीक आहे. तुझ्याकडे आहे ना? मग त्यांना आता काय पाहिजे? ही काय रीत झाली?" शेजारच्या अहमद अंकलनी दार उघडून बघितलं, इतका आवाज चढला होता. बाबांनी त्यांना हात करून सगळं ठीक आहे असं दाखवलं आणि परत माझ्याकडे वळले.

"कागद घे. मी सांगतो ते लिही. मग त्याचं इंग्रजी कर. एक त्या बाईंना, एक क्लायंटला, एक तिकडच्या खात्याला."

मी कागद घेतला. बाबा उभेच राहिले, हात मागे बांधून.

"मी धम्मानंद तुकाराम हिवराळे. राहणार औरंगाबाद. ती भिंत पोकळ आहे हे मी ओळखलं. रविवार होता, तारीख घाल. माझ्या मुलीने माझ्यावर विश्वास ठेवून ती भिंत उघडायला लावली, आणि ती कुणाची वाट होती हे शोधून काढलं. ते मला आलं नसतं. हे काम आमच्या दोघांचं आहे. कंपनीतलं त्या दिवशी तिथे दुसरं कोणी नव्हतं. दोघांची नावं लागली पाहिजेत. दोन्ही लागणार नसतील तर कारण लेखी कळवा. मी उत्तराची वाट बघतो, आणि उत्तर येईपर्यंत मी पुन्हा लिहीन." ते थांबले. "आता वाचून दाखव."

मी वाचायला सुरुवात केली. सवयीने सगळ्यात वर 'सविनय विनंती की' असं लिहिलं होतं. जन्मभर त्यांचा प्रत्येक अर्ज तिथूनच सुरू व्हायचा, रजेचा, बदलीचा, माझ्या हॉस्टेलचा. मलाही अर्ज तसाच सुरू करता येतो.

"ते खोड," बाबा म्हणाले. "विनंती नाहीये."

मी खोडलं. त्यांनी खाली वाकून खात्री केली, माझ्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. मग पेन माझ्याकडे दिलं आणि त्यांच्या सहीशेजारची जागा दाखवली.